दादांच्या नंतरचा पहारा

परभणीच्या कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवतो. दुसरीकडे नंबर लागला नाही की मुलं माझ्या वर्गात येतात, त्यामुळे त्यांची माझ्याकडून फारशी अपेक्षा नसते आणि आमचं बरं जमतं. समाज आणि धर्मसंस्था हा पाठ मी दरवर्षी रंगवून सांगतो. आधी माणसं एकत्र येतात, मग नियम करतात, मग ते नियम घट्ट होत जातात आणि शेवटी माणसं नियमांची चाकरी करत बसतात, असं माझं म्हणणं. गेल्या फाल्गुनापासून मात्र हे सांगताना माझी जीभ जरा अडखळते. त्याला कारण आमच्या गावचा सप्ताह.

आमचं गाव झरीच्या पुढं, थोडं आत. सप्ताहात सात दिवस अखंड नाम चालतं. देवळात एकजण गळ्यात वीणा घालून उभा असतो, त्याचा पहारा संपला की दुसरा येऊन वीणा घेतो. ती जमिनीला टेकता कामा नये. टेकली की खंड पडला, सप्ताह मोडला, आणि ज्याच्या हातून मोडला त्याच्या घराला पिढ्यान्‌पिढ्या बोल. कुणाचा पहारा कधी हे आमच्याकडं कुठं लिहून ठेवत नाहीत, घराघराचा ठरलेला असतो. भर दुपारचा आमच्या घराचा, आणि आमच्यानंतरचा काकांच्या घराचा.

हे काका नात्यातले नव्हेत. त्यांच्या आणि आमच्या शेतांमधला बांध, आमच्याकडं धुरा म्हणतात, तो एकच. दादा, म्हणजे माझे वडील, आणि ते लहानपणापासूनचे सोबती. पेरणी असो की काढणी, दोन्ही घरांची कामं सावडीनं व्हायची, आज तुमच्या रानात तर उद्या आमच्या. मग ग्रामपंचायतीची निवडणूक आली. काकांची सून एका पॅनेलमधून, माझा चुलत भाऊ दुसऱ्यातून. दादा पारावर काहीतरी लागेल असं बोलून गेले, काकांनी शेरास सव्वाशेर उत्तर दिलं. निवडणूक संपली आणि बोलणंही संपलं. एकाच धुऱ्यावर दोन म्हातारे दोन दिशांना तोंडं करून उभे राहायचे. मला फार राग यायचा. एकदा बोलून बघितलं तर दादा म्हणाले, "तू तुझ्या कॉलेजातल्या पोरायला शिकव. आमाला नको शिकवू."

मग सप्ताहही दोन झाले. काकांची भावकी विठ्ठलाच्या देवळात गेली, आम्ही मारुतीच्या देवळात राहिलो. दोन्हीकडं कर्णे लागले, तेही एकमेकांकडं तोंड करून. आमच्या बाजूला मतं जास्त होती, पण माळकरी कमी. वीणा माळकऱ्यालाच घेता येते, त्यामुळं सप्ताह चालवणाऱ्या मंडळींची बरीच ओढाताण झाली. गेलेल्या घरांच्या पहाऱ्यांना त्यांनी इकडून तिकडून माणसं लावली आणि एक पहारा तेवढा विसरले. दादांच्या नंतर कोण, हा प्रश्न गावात कधी कुणाला पडलाच नव्हता. तो याही वर्षी कुणाला पडला नाही.

मी रजा काढून गावी गेलो होतो, कारण दादांचे गुडघे गेलेले होते आणि उजवा हात कापत होता. यंदा राहू द्या म्हटलं. "मी सोडल्यावर कोण करंल? तू?" असं म्हणून त्यांनी माझ्या रिकाम्या गळ्याकडं बघितलं. गळ्यात माळ नसण्यामागं माझी काही तात्त्विक भूमिका आहे असं मी बाहेर सांगतो. खरं कारण रविवारचं मटण आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

पहिल्याच दिवशी दुपारी दादांचा पहारा संपला आणि कुणी आलंच नाही. मंडळी मंडपाचं सामान आणायला झरीला गेलेली, बाकीचे हरभरा काढायला रानात. देवळात टाळ वाजवणाऱ्या दोन म्हाताऱ्या आणि मी. बायकांनी वीणा घ्यायची आमच्याकडं रीत नाही. मी फोन लावत सुटलो. एकानं उचलला तर म्हणाला, "आता? तो तर काकाचा पहारा हाय की!" मग त्याच्याच लक्षात आलं. निघतो म्हणाला, पण यायला वेळ लागणार होता.

इकडं दादांचा आवाज कर्ण्यातून गावभर चालला होता, रामकृष्णहरी, रामकृष्णहरी. तो हळूहळू तुटायला लागला. पाय थरथरत होते. मी जवळ जाऊन म्हटलं, "दादा, द्या, मी धरतो." नाम न तोडता त्यांनी मान हलवली. बसून तरी घ्या, म्हटलं. पुन्हा तेच. मला संताप आला. बाप पडला तरी चालेल, पण लाकडाचं एक वाद्य खाली टेकता कामा नये, हा कुठला धर्म? माझा अख्खा पाठ माझ्या डोळ्यांसमोर कापत्या गुडघ्यांवर उभा होता. शेवटी मी त्यांच्या कोपराखाली हात घालून उभा राहिलो. तेवढं त्यांनी चालवून घेतलं. खांबाला माळ लागत नसावी.

आणि दारात काका दिसले. नळावर पाय धुऊन, धोतराचा सोगा सावरत ते आत आले. अंघोळ करूनच आले होते, केस ओले होते. आमचा कर्णा त्यांच्या देवळात स्वच्छ ऐकू जातो. कुणाचा आवाज, कधीपासून चाललाय आणि आता कुणी यायला पाहिजे होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

मी पोटचा मुलगा, पण ज्या नियमानं मला बाहेर ठेवलं होतं त्याच नियमानं त्यांना सरळ आत घेतलं. ते कुठल्या पॅनेलचे, हे वीणेला विचारायचं नव्हतं.

काका दादांसमोर उभे राहिले आणि म्हणाले, "उशीर झाला जरा."

दादांच्या तोंडात नाम होतं, त्यांना उत्तर देता येईना. वीणा घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं असतं आणि देणाऱ्यानं घेणाऱ्याच्या. त्याशिवाय पहारा बदलला असं होत नाही. काका वाकले, दादांच्या पायांवर डोकं ठेवलं, उठले, नाम उचललं आणि वीणा गळ्यात घेतली. आता दादांचं तोंड मोकळं झालं, पण काकांचं अडकलं. दोघांना एकाच वेळी बोलता येत नव्हतं हे बरंच झालं, नाहीतर पुन्हा पार आठवला असता.

दादा वाकायला लागले. गुडघे ऐकेनात, मी धरलं. त्यांचे कापरे हात काकांच्या पायांवर टेकले आणि तिथंच राहिले, रिवाजाला लागतो त्याहून बराच जास्त वेळ. काकांचा आवाज एकदा घसरला, पण नाम तुटलं नाही. मी रडलो, हे लपवण्यात अर्थ नाही. आपणहून जे दोघांना जमलं नसतं, ते त्या नियमानं त्यांच्याकडून करून घेतलं होतं. हे पाठात कुठं बसवायचं, मला अजून कळलेलं नाही.

गाव काही एक झालं नाही. सप्ताह दोनच राहिले, काल्याचा प्रसादही दोन ठिकाणी वाटला गेला.

पण त्या दिवशी संध्याकाळी मंडळी आमच्या ओसरीवर आली. दादा बाजेवर पडले होते, आई त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळत होती. मंडळी पार खजील झालेली. "चुकलं आमचं, दादा. लय तकलीफ झाली तुमाला. उद्यापासून त्या पहाऱ्याला आपला माणूस लावतो."

दादा उठून बसले.

"लावू नका," ते म्हणाले. "तो पहारा रिकामा न्हाई. तिथं माणूस हाय."