नापकाकांनी न पाठवलेली गाडी

नापकाका पुलांशी बोलतात, असं आम्ही गोंदियाच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात हसून म्हणायचो. गाड्यांचे रस्ते तेच ठरवत, आणि सगळं नापून म्हणजे मोजूनच पाठवत, म्हणून हे नाव. जड कंटेनर निघायचा असला की ते आदल्या दिवशी मोपेडवर अख्खा रस्ता फिरून येत. प्रत्येक पुलाखाली, छोट्या मोरीखालीही उतरून दगडांवर काठी ठोकत आणि कान देऊन ऐकत.

"कागदावर सारेच पूल पक्के रायतेत," ते म्हणत. कागदावरच्या वजनावरही त्यांचा विश्वास नव्हता. कंटेनर आधी गाड्या तोलायच्या धर्मकाट्यावर चढवायचा. आकडा जास्त निघाला तर जास्त चाकांचा ट्रेलर मागवायचा, नाहीतर अर्धा माल दुसऱ्या गाडीत घालायचा. गिऱ्हाईक ओरडलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं, "गाडी तं जाईल जी, पूल मांगं राईल का?"

तिरोड्याकडे मोठी बांधकामं चालू होती तेव्हाची गोष्ट. यंत्रांचा एक कंटेनर कागदापेक्षा सात टन जास्त भरला. काकांनी मोठा ट्रेलर सांगितला. तो यायला चार दिवस होते, आणि तेवढ्यात बहीण आजारी पडली म्हणून ते केशोरीला, आपल्या गावी गेले. मॅनेजर मी. गिऱ्हाइकाचे फोन मला सोसवेनात. होती त्याच गाडीवर, दवनीवाड्याकडच्या जवळच्या रस्त्याने मी तो कंटेनर काढला. कालव्यावरची मोरी खचली. ड्रायव्हरचा पाय मोडला, आणि ऐन धानाच्या रोवणीत खालच्या बांध्यांचं, म्हणजे शेतांचं, पाणी बंद झालं.

काका परतले त्या दिवशी मालकांनी सगळ्यांसमोर विचारलं, "रास्ता किसने तय किया था?"

मी मान खाली घातली. काका म्हणाले, "मी. जायच्या आधी मीच सांगून गेलतो."

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काका, असं काऊन केलं?"

"तुह्या घरी आठ दिवसाचं लेकरू आहे. माह्यं काय, दोन वर्षांत घरीच बसाचं होतं."

त्याच दिवशी त्यांना काढलं. माझी नोकरी राहिली.

नंतर दोनदा केशोरीला गेलो. त्यांनी आग्रहाने जेवू घातलं, रस्त्यांची खबर विचारली. 'मालकांना खरं सांगतो' एवढं माझ्या तोंडून निघालं नाही.

काका वारल्याचं कळलं तेव्हा पुन्हा गेलो. त्यांचा मुलगा म्हणाला, "गावात सारे म्हणत, मोरी तुह्या बापानंच पाडली. मीबी एकदा भांडणात तोंडावर बोललो. बाबा काहीच बोलले नाही."

मग मी त्याला सगळं सांगितलं.

"हे ते जिते होते तवा काऊन नाही सांगतलं जी?"