मावशीचा कॉम्प्युटर गप्प बसतो

माझ्या मावशीला काही शिकवायला जाऊ नये. हे मी सांगतेय, जिचं पोटच शिकवण्यावर चालतं. मी गाडी चालवायला शिकवते. दिवसभर लोकांच्या शेजारच्या सीटवर बसायचं, पाय ब्रेकवर ठेवायचा आणि जीभ दाताखाली धरायची, हा माझा धंदा. जीभ नेहमी राहतेच असं नाही. पण अख्ख्या शहरातले ढ विद्यार्थी परवडले, मावशीपुढे मात्र मी हात टेकते.

मावशीला दिसत नाही. लहानपणी आलेल्या तापात डोळे गेले. त्याबद्दल कुणी हळहळायला लागलं की ती चहा घेणार का म्हणून विचारते आणि विषय संपवते. एका मोठ्या इस्पितळाच्या टेलिफोन बोर्डावर तिने अख्खी नोकरी काढली. कानावर हेडफोन, बोटांखाली बटणं आणि डोक्यात साऱ्या वॉर्डांचे नंबर. नुसत्या ‘हॅलो’वरून तिला माणसाचा नूर कळायचा. मोठे डॉक्टर घरून भांडून आलेत हे ऑपरेशन थिएटरच्या आधी मावशीला समजायचं, आणि मग त्या दिवशी बिनकामाचा एकही फोन ती त्यांच्यापर्यंत पोचू द्यायची नाही.

निवृत्त झाल्यापासून ती तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटी राहते, आणि झोकात राहते. त्या झोकाचा अर्धा मान तिच्या कॉम्प्युटरला. पेपर, पुस्तकं, मैत्रिणींची पत्रं, बँकेचे निरोप, सगळं तो तिला मोठ्याने वाचून दाखवायचा. त्याला मॉनिटर नव्हता. जुना बिघडला तेव्हा तिने तो भंगारात दिला आणि टेबलावर त्या जागी रेडिओ ठेवला. मॉनिटर हवाय कुणाला, ती म्हणायची, मला तर आरसाही लागत नाही.

मग तो कॉम्प्युटर जुना झाला. आतली सिस्टिम म्हातारी झाली, आणि एके दिवशी वाचून दाखवणारा प्रोग्रॅम तिच्यावर चालेनासा झाला. झालं, मामाला आयतं कोलीत मिळालं.

मामा म्हणजे मावशीचा धाकटा भाऊ. माझी आई या दोघांच्या मधली, ती परगावी असते, त्यामुळे दोघांची भांडणं सोडवायचं काम वारसाहक्काने माझ्याकडे आलंय. मामी गेल्यापासून मामाने एकच धोशा लावला होता: ताई, एकटी राहू नकोस, माझ्याकडे चल. जिन्यावरून पडलीस तर? गॅस उघडा राहिला तर? मावशीचं उत्तर ठरलेलं, माझं सगळं मी करते. आता त्याला विचारायला नवा प्रश्न मिळाला. करतेस ना सगळं, मग कालचा पेपर कुणी वाचून दाखवला?

मावशी चिडली. चिडल्यावर माणूस जे करतो तेच तिनेही केलं, पैज लावली. रविवारपर्यंत कॉम्प्युटर बोलता झाला नाही तर मी मुकाट्याने तुझ्याकडे राहायला येते, म्हणाली. मामाने लगेच रविवारचा टेम्पो सांगून टाकला. आणि मावशी शब्द फिरवत नाही. त्या दोन खोल्यांतून तिला उचलून दुसरीकडे ठेवलं असतं तर ती हसत राहिली असती, पण आतून विझली असती. मला ते बघवलं नसतं.

मावशीने हातपाय गाळले नव्हते. तिच्यासारखाच न दिसणारा तिचा एक मित्र आहे, वाद्यं जुळवून देतो. त्याने सांगितलं की लिनक्स नावाची फुकटची सिस्टिम बसव, त्यात वाचून दाखवणारा प्रोग्रॅम आतच असतो. नुसतं सांगून थांबला नाही, सगळं भरलेला पेन ड्राइव्हही पोस्टाने पाठवला. बसवताना सुद्धा तो बोलतो, एक एक प्रश्न विचारतो, आपण उत्तरं द्यायची. मावशीने दिली. भाषा सांगितली, नाव सांगितलं, जुनं सगळं पुसायला हो म्हटलं. जिवावर उदार होऊनच म्हटलं असणार. शेवटी तो म्हणाला, काम झालं, आता कॉम्प्युटर पुन्हा सुरू करू या. मावशीने बटण दाबलं आणि कॉम्प्युटर गप्प.

ती वाट बघत बसली. चहा केला, प्याली, कप विसळून ठेवला. कॉम्प्युटर गप्पच. शेवटी बंद करून पुन्हा चालू केला, तर परत पहिल्यापासून भाषा कोणती, नाव काय. पुन्हा सगळं यथासांग, आणि पुन्हा शेवटी मौन. शुक्रवारचा दिवस असाच गेला. शनिवारी सकाळी तिने मला फोन केला. मदत कर असं म्हणाली नाही. म्हणाली, तुला वेळ असेल तर जरा बघून जा, मला एक बघणारं माणूस हवंय.

दुपारचे विद्यार्थी मी पुढे ढकलले, घरचा माझा मोठा मॉनिटर मागच्या सीटवर पट्टा लावून बसवला आणि गेले. रेडिओ खाली, मॉनिटर वर. जाड वायर मागे खोचली, कॉम्प्युटर चालू केला. चित्र झकास आलं. मावशीने बोलतं करण्याच्या कळा दाबल्या, पण आवाज आला नाही. तिचा चेहरा पडला. काल निदान बोलत तरी होता, म्हणाली. मी म्हटलं, असू दे, आता मी आहे ना डोळ्यांनी बघायला. तिची उत्तरं तीच, फक्त माउस माझ्या हातात. सगळं बसवून झालं, पुन्हा सुरू करायचं बटण दाबलं, आणि मग जे दिसलं ते बघून मी खुर्चीत बसल्या बसल्या हसायला लागले.

पडदा काळा झाला होता आणि त्यावर एकच ओळ होती, पेन ड्राइव्ह काढा आणि एंटर दाबा. वाचून दाखवणारा प्रोग्रॅम तोवर झोपी गेलेला, त्यामुळे ही ओळ मावशीला कुणी ऐकवलीच नव्हती. काल दिवसभर ती त्याची वाट बघत होती आणि तो तिची. पेन ड्राइव्ह मागेच खोचलेला राहिल्यामुळे दर वेळी गाडी पुन्हा पहिल्या स्टेशनावर. मी पेन ड्राइव्ह काढला, एंटर दाबला, आणि थोड्या वेळात नवीकोरी लिनक्स समोर उभी. मी मावशीच्या पाठीत धपाटा घातला. बोलता करण्याचं सेटिंग शोधून तेही चालू केलं, आणि विजयी वीरासारखी हात झटकून उभी राहिले.

आवाज नव्हता.

“चाललंय की सगळं,” मी म्हटलं.

“कोणासाठी?” मावशीने विचारलं.

उरलेली संध्याकाळ माझ्या नाकी नऊ आले. आवाज वाढवला, कमी केला, पुन्हा वाढवला. स्पीकर माझ्या फोनला लावून बघितले, तर ठणठणीत वाजले. मग मी त्या लिनक्सला बोलले, पाठवणाऱ्या मित्राला बोलले, स्पीकरच्या पूर्वजांना बोलले. नाचता येईना अंगण वाकडं, असं मावशी हळूच म्हणाली, ते मी ऐकलं नाही असं दाखवलं. अंधार पडल्यावर घरी आले. येताना बघितलं तर तिने दारामागे दोन पेट्या काढून ठेवल्या होत्या. त्यांत कपड्यांच्या घड्या घातलेल्या होत्या. मला जिन्यातच रडू आलं, आणि रडू आलं म्हणून स्वतःचाच राग आला.

रविवारी सकाळी मी परत हजर. पण माझ्याआधी मामा हजर. खाली टेम्पो उभा, टेम्पोवाला पुढच्या सीटवर पेपर वाचत बसलेला. मामाने नवा शर्ट घातला होता. मावशी कॉम्प्युटरसमोर ताठ बसली होती. मामाने विचारलं, निघायचं? त्यावर ती म्हणाली, रविवार अजून संपलेला नाही, आलाच आहेस तर टेबलाखाली शीर.

मामा चकितच झाला. मावशीने बोर्डावरची रीत सांगितली. बोर्डात कधी अशी मुकी लाइन निघाली की ती बुद्धी चालवत बसायची नाही. आधी काय नव्हतं आणि आता काय आहे एवढंच विचारायची. मग एक वायर काढायची, ऐकायचं, परत लावायची, पुढची काढायची. माझ्या डोक्याने काल एकदम दहा गोष्टी बदलल्या होत्या, हे तिने बोलून दाखवलं नाही, पण मी तेवढी शहाणी आहे. मी मोबाइलचा दिवा धरला. साठी ओलांडलेला मामा गुडघ्यांवर बसला आणि नव्या शर्टासकट टेबलाखाली गेला.

मला तेव्हा एकदम जाणवलं की पैज ज्याने जिंकायची तोच वायरी काढतोय. त्याने एखादी नुसती हलवून परत सोडली असती तर मला काही दिसलं नसतं. पण माणूस सरळ. इंटरनेटची वायर काढली. मावशीने कळ दाबली, कान दिला, काही नाही. परत लावली. स्कॅनरची काढली. काही नाही. परत लावली. मग म्हणाला, ही जाड कसली? मी म्हटलं, ती माझ्या मॉनिटरची, तिचा काय संबंध, ती राहू दे. मावशी म्हणाली, ती शुक्रवारी नव्हती. काढ.

मामाने ओढली. माझं छान चित्र गेलं. मावशीने कळ दाबली.

“कचरापेटी,” कॉम्प्युटर म्हणाला.

डेस्कटॉपवरच्या पहिल्या चित्राचं ते नाव, आणि आवाज सर्दी झालेल्या पाहुण्यासारखा. पण देवाशपथ सांगते, कचरापेटी हा शब्द इतका गोड मला कधी लागला नव्हता. मावशीने पुढची कळ दाबली, तर म्हणाला ‘घर’. पुढची दाबली, तर वेळ सांगितली. ती भराभर कळा दाबत सुटली आणि तो बिचारा धापा टाकत बोलत सुटला.

मग मला उलगडा झाला. ती जाड वायर चित्राबरोबर आवाजही नेते. कॉम्प्युटरने मॉनिटर पाहिला आणि सगळं बोलणं तिकडे वळवलं, आणि माझ्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत. म्हणजे बघण्यासाठी मी जी वस्तू आणली तिनेच मावशीचे कान बंद केले होते, आणि मी काल संध्याकाळभर स्पीकरला शिव्या दिल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी. मावशी हसून म्हणाली, म्हणजे तो कालपासून बोलतच होता, फोन भलत्या खोलीत लागला होता.

मी तिला मिठी मारली, तिच्याभोवती एक गिरकी घेतली, पेटीला पाय अडकून पडता पडता वाचले. मामा अजून टेबलाखालीच होता. वायर हातात धरून जमिनीवर मांडी घालून बसलेला.

“छान झालं,” तो म्हणाला.

मावशीचे हात कळांवरून उठले. “काय झालं रे?”

“काही नाही. छान झालं म्हटलं ना.”

“मी जन्मभर लोकांचं ‘काही नाही’ ऐकत आलेय,” मावशी म्हणाली. “बोल.”

मी दिवा बंद केला. का केला कोण जाणे, त्याच्या तोंडावर प्रकाश नको असं वाटलं.

“महिनाभर मी घरातली एक खुर्ची जागची हलवली नाही,” तो म्हणाला. “दारं एक तर पूर्ण उघडी ठेवतो, नाही तर बंद. अर्धवट दाराला तुझं कपाळ आपटतं ना. रात्री डोळे मिटून घरभर फिरून बघितलं, कुठे काही लागतंय का म्हणून. सगळं नीट लावलंय, ताई. फक्त ही गेल्यापासून तिथे माझ्याशी कुणी बोलत नाही.”

मावशी खुर्चीवरून उतरली, चाचपत टेबलाखाली आली आणि त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. तिने त्याचा कान पिरगाळला, चांगला लाल होईपर्यंत.

“इतके महिने तुझं कसं होईल, तुझं कसं होईल म्हणून माझ्यावर ओरडत होतास,” ती म्हणाली. “स्वतःचं कसं चाललंय ते एकदा तरी बोललास? मी आंधळी आहे रे, मनकवडी नाही.”

दोघंही हसले की रडले ते मला नक्की सांगता येणार नाही, कारण मी तोंड फिरवून मॉनिटरची वायर गुंडाळत होते. एकच वायर, पण गुंडाळायला मला फार वेळ लागला.

तेवढ्यात टेम्पोवाला जिना चढून दारात आला. सामान कुठलं घ्यायचं, म्हणून विचारलं. मामा माझ्याकडे बघायला लागला आणि मी मावशीकडे. मावशीने टेबलाखालूनच हुकूम सोडला. सामान आहे, पण इथलं नाही, याच्या घरून आणायचंय. याची गादी आण, कपडे आण, आतली खोली मी रिकामी करते. मामा म्हणाला, अगं असं कसं, माझं घर, माझी बाग. ती म्हणाली, घर कुठे पळून जातंय, आठवड्याला जाऊन झाडांना पाणी घाल. कंटाळलास तर परत जा. पण कंटाळायच्या आधी सांग, नंतर नको.

मामा गुडघे झटकत उठला. टेम्पोवाल्याबरोबर दारापर्यंत गेला, आणि तिथून वळून त्याने विचारलं, एक खुर्ची आणू का, माझ्या बसण्यातली आहे, पाठीला बरी पडते.

“आण,” मावशी म्हणाली. “पण एकदा ठेवलीस की हलवायची नाही.”

“सवय आहे मला,” मामा म्हणाला आणि जिना उतरला.