सायलीची पत्रिका कोणी उघडेना

लीलाधर सर म्हणजे बुऱ्हाणपूरजवळच्या लालबागच्या सरकारी शाळेचे कंप्युटरवाले सर. धूलकोट आणि देडतलाईच्या शाळांचे कंप्युटरही ह्यांच्याच गळ्यात. एक शाळा या टोकाला, दुसरी त्या टोकाला, आणि मधे हे नि ह्यांची खोकणारी मोटारसायकल. पिशवीत जेवणाचा डबा नसेल एक वेळ, पण नेटची तार नि पकड नक्की. आणि स्वभाव कसा? बायकोनं, ज्योत्स्नाताईंनी, चहा पुढे केला तरी आधी विचारतील, कुठून आला!

पण संशयाला कारण होतं, बरं का. गेल्या वर्षी प्राचार्य कुसुम मॅडमना अनोळखी नंबरावरून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका आली. आता बुऱ्हाणपुरात पत्रिका न उघडणं म्हणजे पाहुण्याला दारातून परत लावणं. मॅडमनी उघडली, तीही शाळेच्या फोनवर. पत्रिका कसली, चोरटं ॲप निघालं ते! शाळेच्या पोर्टलचे ओटीपी त्याच फोनवर यायचे, ते भलत्याच्याच हाती जायला लागले. नववीचे फॉर्म भरायचे दिवस, नि शाळेचं खातं शाळेलाच उघडेना. सरांनी सिम काढलं, जिल्ह्याच्या ऑफिसात धावले, सगळे पासवर्ड बदलून घेतले, तेव्हा कुठे शेवटच्या दिवशी फॉर्म गेले.

मग सर जे सुटले! स्टाफरूमच्या फळ्यावर सुविचाराखाली वायफायचा पासवर्ड लिहिलेला असायचा, तो पुसला. मुलांच्या लॅबची लाइन ऑफिसच्या लाइनीपासून वेगळी केली, म्हणजे पोरांचे उपद्व्याप मार्कांपर्यंत पोचायला नकोत. आणि तिन्ही शाळांकडून घोकून घेतलं, "फाइल उघडायची नाही. ओटीपी सांगायचा नाही. कोणाचा नंबर हॅक झाल्यासारखा वाटला, तर फोनवर भरोसा नको, माणूस समोर गाठा. मी पाठवलं तरी उघडू नका!" शिपाई दगाभाऊ तर हे पाढ्यासारखं म्हणायचा.

मे महिन्यात सायलीचं लग्न निघालं. लेक लालबागच्याच शाळेत शिकलेली. तिचा एकच हट्ट, "पापा, माझे सगळे टीचर आले पाहिजेत. सब के सब!"

"ते काय, दोन मिनिटांत बोलावतो," सर म्हणाले, नि तिन्ही शाळांच्या ग्रुपवर पत्रिकेची फाइल टाकली.

अंगठा नाही, फूल नाही, अभिनंदन नाही. सुट्ट्या लागलेल्या, त्यामुळे शाळेत कोणाची गाठही पडेना.

चौथ्या दिवशी ज्योत्स्नाताई म्हणाल्या, "अहो, मास्तर लोकांची पानं किती धरायची? आचारी विचारतोय."

सरांनी ग्रुप उघडला तर काय, ह्यांनाच काढून टाकलेलं! कुसुम मॅडमना फोन लावला. कट. पुन्हा लावला. कट. दगाभाऊनं उचलला खरा, पण नुसता ओरडला, "सरांचा नंबर हॅक झालाय, मले माहीत आहे! दम असेल तर समोर ये!"

ज्योत्स्नाताईंनी हसून हसून पोट धरलं. "भोगा आता. चांगले चेले तयार केलेत!"

सायली मात्र हसली नाही. "मतलब, माझ्या शाळेतून कोणीच नाही येणार?" लग्न आठ दिवसांवर आलं होतं.

सर हळदीकुंकू लावलेली कागदी पत्रिका घेऊन भर उन्हात कुसुम मॅडमच्या दारात. मॅडम जाळीच्या दाराआडून बघतायत.

"कोण?"

"मॅडम, मी लीलाधर! हा काय समोर उभा आहे!"

"दिसतंय. पण खात्री केलेली बरी. ऑफिसच्या कंप्युटरचा पासवर्ड सांगा बरं."

शर्ट घामानं चिकटलेला, घरी लेक तोंड फुगवून बसलेली, तरी सर एकदम ताठ झाले. "मॅडम! पासवर्ड मी माझ्या बापालाही सांगणार नाही. आणि असं दारात उभं राहून विचारताच कसं तुम्ही?"

कडी निघाली. "या, या. तुम्हीच आहात. दुसरा कोणी असता तर सांगून मोकळा झाला असता."

पन्हं आलं. मॅडमनी बसल्या बसल्या ग्रुपवर लिहिलं, "पत्रिका खरी आहे. सर माझ्यासमोर पन्हं पितायत." तर धूलकोटहून लगेच उत्तर, "मॅडमचाही फोन गेला वाटतं!"

काय करणार! एक दिवस धूलकोट, एक दिवस देडतलाई, मोटारसायकल खोकतेय, सर दारोदार अक्षता देतायत, नि प्रत्येक दारात आधी आपण कोण ते पटवतायत.

लग्नाच्या दिवशी सायलीनं अंतरपाटाच्या कडेनं मान वाकडी करून पाहिलं. गणिताच्या मॅडमपासून दगाभाऊपर्यंत सगळे ओळीनं बसलेले. पोरगी अशी खुलली, की नवरदेवाला वाटलं आपल्यालाच बघून!

पंगतीत कुसुम मॅडमनी सरांना समोर उभं केलं, वरखाली निरखलं आणि ग्रुपमध्ये परत घेतलं. सर इतके खूश, की तिथल्या तिथे सप्तपदीच्या व्हिडिओची फाइल ग्रुपवर टाकली. पंगतभर फोन वाजले. सगळ्यांनी आपापल्या फोनकडे पाहिलं, मग सरांकडे पाहिलं, फोन मुकाट खिशात घातले आणि वाढप्याला म्हणाले, "मावा जिलेबी इकडे आण रे."