नवी, अभनपुरवाली

चार कुत्री असलेल्या घरात किस्से कुत्र्यांच्या केसांसारखे जमतात. सकाळी झाडून काढा, दुपारी पुन्हा कोपऱ्यात. रायपूरच्या आमच्या घरात ते सांगायचं काम ह्यांचं होतं. वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि रस्त्यावरची तीन कुत्री घरात आणली: मास्तर, काळू आणि बिजली. मी पोळ्या करायची आणि कुरकुरायची. आता ते नाहीत, म्हणून मी सांगते. माझ्या सांगण्यात तेवढी मजा नाही, हे आधीच कबूल करते.

* * *

चौथी कशी आली, ते आधी. ह्यांच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन चार दिवस झाले होते. अभनपुरहून एका शेतकऱ्याचा फोन आला. "दीदी, साहब का कुत्ता तैयार है. कब ले जाएँगे?"

कुठला कुत्ता? मी आणि माझा मुलगा निखिल गाडी काढून निघालो. गेलो तर शेडमध्ये एक कारवान कुत्री उभी. ससे धरणारी शिकारी जात, लांब तोंड, पोट पाठीला लागलेलं. ह्यांनी लहानपणी मामाच्या गावी तसली पाहिली होती, ते वेड मला माहीत होतं. पण कुत्री ठरवून आलेत, हे कोणालाच सांगितलं नव्हतं. मला सरप्राइज द्यायचं होतं म्हणे. मला, जी कुत्र्यांवरून रोज भांडायची!

"नाम क्या है इसका?"

"साहब रख के गए थे, दीदी. बड़ा अच्छा सा नाम था. मैं भूल गया."

परतताना गाडीत मी रडले ती त्या नावासाठी. ह्यांनी शेवटचं ठेवलेलं नाव, आणि ते ऐकायला आम्ही नव्हतो. घरी आम्ही तिला 'नवी' म्हणायला लागलो. शेतकरी भला माणूस. नाही जमलं तर महिन्याभरात परत नेईन, म्हणाला. मी निखिलला तिथेच सांगितलं, "एक महिना. मग पाठवून द्यायची."

* * *

नवी पाहुणी, म्हणून पहिल्या संध्याकाळी मी तिचं ताट आधी ठेवलं. आपल्याकडची रीतच ती. पुढच्या मिनिटाला स्वयंपाकघरात कुरुक्षेत्र. मास्तरने तिचा कान फाडला, काळूने मास्तरचा पाय धरला, बिजली ओट्याखाली शिरून केकाटत होती.

ह्यांच्या कारखान्यातले रामटेके भाऊजी नेमके भेटायला आलेले. तिघांना सोडवून धापा टाकत खुर्चीवर बसले. "वहिनी, काहून पाहुण्याले पहिले देऊन राहिल्या? इथं रेल्वेचा कायदा चालते. जो आधी भरती झाला, त्याले आधी ताट."

मला खरंच माहीत नव्हतं. सहा वर्षं हे रोज मास्तर, काळू, बिजली असं नाव घेत ताटं मांडायचे, आणि मी त्याच घरात पाठ करून पोळ्या लाटत होते.

* * *

समोरच्या म्हातारीला, सगळे तिला दाई म्हणजे आई म्हणतात, नवी बघवेना. बरगड्या मोजून घ्याव्यात अशा. दाई छत्तीसगढी बोलते आणि मनात काही ठेवत नाही. "एला खाए बर नइ देवस का ओ?"

हिला खायला देते, पण ही जातच अशी असते, हे मी दहा वेळा समजावलं. उपयोग शून्य. दाई रोज सकाळी दोन जाड भाकऱ्या घेऊन यायची, स्वतःच्या हाताने खाऊ घालायची. नवी खायची आणि तशीच्या तशी दिसायची.

पाचव्या-सहाव्या दिवशी दाईने एकच भाकरी तिला दिली. दुसरी माझ्या हातात ठेवली आणि दारातच बसली. मी संपवेपर्यंत उठली नाही.

* * *

नवीच्या अंगावर मांस नाही, तिला फरशी टोचते. तिने झोपायला नेमका ह्यांचा पलंग निवडला. बाकीच्या तिघांनी त्यावर कधी पाय ठेवला नव्हता, आणि मी तर चादरसुद्धा बदलली नव्हती. दोनदा ओरडून उतरवली. दुसऱ्यांदा तिने घाबरून जागेवरच मुतलं. मला माझीच लाज वाटली.

तिसऱ्या दुपारी बघते तर पलंगावर उताणी, चारही पाय वर, मान लटकलेली, जीभ बाहेर. मी किंचाळले. निखिल आंघोळ अर्धी टाकून धावत आला.

"मम्मी, सो रही है! ये लोग ऐसे ही सोते हैं."

नवीने एक डोळा उघडून आमच्याकडे पाहिलं आणि परत मिटला. निखिल हसायला लागला. मी पण हसले, आणि मग हसता हसता खालीच बसले. त्याच पलंगावर, तशाच दुपारी, मला वाटलं होतं हे झोपलेत. चहा झाल्यावर उठवू म्हणून मी दार लोटून घेतलं होतं.

त्यानंतर मी नवीला तिथून उतरवली नाही. पण परत पाठवायचं मात्र ठरलेलंच होतं. ह्यांची इच्छा म्हणून रोज डोळ्यांसमोर बघायची ताकद माझ्यात नव्हती.

* * *

महिना भरत आला. निखिलने अभनपुरला कळवलं, रविवारी या. त्या शुक्रवारी मला फॅमिली पेन्शनच्या कागदांवर सह्या करायला जायचं होतं. माझी स्कूटी सर्व्हिसिंगला, म्हणून ह्यांची जुनी स्कूटर काढली. ते गेल्यापासून ती कोणी चालू केली नव्हती.

संध्याकाळी परत आले. गल्लीच्या तोंडाशी स्कूटरचा आवाज झाला आणि आमच्या फाटकाच्या आत एकच गोंधळ उठला. मास्तर म्हातारा, पण तोही मागच्या दोन पायांवर उभा. काळू रडल्यासारखा ओरडत होता. हे तर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. उलटं वळून पळून जावंसं वाटलं.

फाटक उघडलं. तिघांनी मला हुंगलं, मग सीट हुंगली. मग माझ्या मागे रस्त्यावर बघत उभे राहिले. बराच वेळ. एकेक करून आत जाऊन पडले.

नवी त्या स्कूटरला ओळखत नव्हती. ती पायरीवरून सावकाश उतरली, आपलं ते लांब तोंड माझ्या काखेत खुपसलं आणि तशीच उभी राहिली.

निखिल फोन घेऊन बाहेर आला. "मम्मी, अभनपुरवाले भैया हैं. पूछ रहे हैं, संडे को कितने बजे आएँ."

मी फोन घेतला. "भैया, आइए. सबको लेके आइए, खाना खाके जाइए. कुत्ता नहीं मिलेगा."