पपनसाचं आळं

माझ्या हातून आजवर एकच खून झाला, आणि तोही मी पाणी पाजून केला.

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी वडूजकडचा, दुष्काळी भागातला. सरकारी कचेरीत कारकून म्हणून साताऱ्याला आलो आणि डोंगराच्या पायथ्याशी एका निवृत्त नर्सबाईंची पुढची खोली भाड्यानं घेतली. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणे. सिस्टर एकट्या. परसात त्यांचं पपनसाचं झाड होतं आणि गणपतीच्या आधी अख्खी गल्ली त्या फळांसाठी सिस्टरांशी गोड बोले. कुणाला फळ द्यायचं आणि कुणाला "अजून कच्ची आहेत" म्हणून परत पाठवायचं, हे त्या ठरवत. एरवी वर्षभर त्यांना कुणी विचारत नसे.

घर सिस्टर आणि त्यांचा पुतण्या, दोघांच्या नावावर. पुतण्या एमआयडीसीत कामाला, राहायचा पलीकडच्याच गल्लीत. त्याला परसात भाड्यानं द्यायला खोली बांधायची होती. बरीच भांडणं झाल्यावर नातेवाइकांसमोर ठरलं, की झाड जिवंत आहे तोवर परसात वीट लागणार नाही. तेव्हापासून पुतण्या आला की काकूची नाही, झाडाची तब्येत विचारी.

त्या आषाढात सिस्टरांच्या बहिणीचं सांगलीला ऑपरेशन निघालं. किल्ली माझ्या हातात देत त्या म्हणाल्या, "महिनाभर तरी येत नाही. झाडाला काही करू नका."

"म्हणजे काय काय करू नको?"

"काहीच. नुसतं बघा."

आता, आमच्या भागात नुसतं बघून काही जगत नाही. पाहुण्यानं पाय धुतले तरी ते पाणी शेवग्याच्या बुडाशी जातं. आणि इथं छपराचं पाणी पन्हळीतून धो धो गटारात चाललेलं. तीन दिवस मी ते पाप बघितलं. चौथ्या दिवशी कुदळ आणली. बुंध्याभोवती म्हैस बसेल एवढं आळं खणलं, माती आणि शेणखत गुडघाभर उंच खोडाला थापलं आणि पन्हळ वळवून छपराचं सगळं पाणी आत सोडलं. गावाहून वडील आले होते. ते आळ्याकाठी उभे राहून म्हणाले, "लय झाक केलंस बग. हितली मानसं मातल्याती रं, पान्याची किंमत न्हाई."

मला भरून आलं. वडिलांनी माझं कौतुक केल्याचं ते पहिलंच उदाहरण होतं.

श्रावणात पानं पिवळी पडली. मग चेंडूएवढी फळं टपाटप गळू लागली. मी घाईनं आळं बुजवलं, पन्हळ पुन्हा गटाराकडं वळवली. खोडाची माती मात्र तशीच ठेवली. तिनं गुण येईल, असं मला वाटत होतं.

सिस्टर आल्या. पिशवी हातातच, तशा झाडापुढं उभ्या राहिल्या. "काय केलंत?"

"काही नाही," मी म्हणालो. आणि मग, देव जाणे का, पुढं म्हणालो, "तुमचे पुतणे मात्र एकदा येऊन गेले."

तो विजेचं बिल न्यायला आला होता. पण मी तेवढंच बोललो. उरलेलं काम सिस्टरांनी केलं. पुतण्याच्या दारात उभं राहून त्यांनी गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं, "कंपनीतलं ॲसिड आणून ओतलंस ना?" त्यानं लेकीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. सिस्टर म्हणाल्या, "हात काढ तिच्यावरचा. तीही वाळेल."

पोरगी रडत आत पळाली. मी कोपऱ्यावर उभा होतो. नुसतं बघितलं.

दोन दिवसांनी सिस्टरांनी खुरपं घेऊन खोडाची माती काढली. मातीखालची साल काळी पडलेली, बोट लावलं की सुटत होती. आतून डिंक आणि घाण वास. त्यांनी बोट नाकाशी नेऊन हुंगलं.

"ॲसिड नाही हे. बेडसोर आहे. पेशंटला महिनाभर ओल्या चादरीवर पडू दिलं की होतो. माती कुणी लावली?"

"मी."

"पाणी?"

"छपराचं. वाया जात होतं."

त्यांनी मला एक शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी मला मोरचूद-चुन्याचं भांडं धरायला लावलं, चाकूनं कुजकी साल खरवडली आणि जखमेवर लेप दिला. पण कूज खोडाला चहूबाजूंनी लागली होती, झाड जगणार नव्हतं. त्या संध्याकाळी त्या पुतण्याच्या त्याच दारात गेल्या आणि तेवढ्याच मोठ्यानं म्हणाल्या, "चूक माझी. खोली बांध."

पुतण्या माझ्यासाठी कंदी पेढे घेऊन आला. "साहेब, मी इतकी वर्षं नुसता वाट बघत बसलो." मी दोन खाल्ले. खोटं कशाला बोलू, चांगले होते.

गणपतीच्या आधी बायका सवयीनं दारात आल्या. सिस्टर प्रत्येकीला माझ्याकडं पाठवत. "पपनसाचं त्यांना विचारा."

खोली उन्हाळ्यात उभी राहिली. सिस्टरांची अट एकच होती, पहिला भाडेकरू मी. नाही म्हणायला मला तोंड नव्हतं. पुढच्या आषाढात जमिनीला पाझर फुटला. गादी खालून भिजे, अंथरुणाला बुरशी. शेवटी मी सिस्टरांना बोलावलं. त्यांनी वाकून गादीखाली हात घातला, तळवा बघितला आणि पदराला पुसला.

"कूस बदलत जा," त्या म्हणाल्या. "बेडसोर होतात."