डाव्या हाताचं बोट

"बोट दाखव."

आमच्या नर्सबाई आधी नाव विचारत नसत, की कुणाची कोण ते विचारत नसत. उजवा हात ओढून घ्यायच्या, पहिलं बोट नाकाशी न्यायच्या आणि डोळे मिटून हुंगायच्या. फोडणी करपलीय का ते बघावं, तसं. मग म्हणायच्या, "लावलीस." नाहीतर, "नाही लावलीस. शाबास!"

मशेरी तुम्ही पाहिली असेल. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरून डबीत भरायची आणि बोटानं हिरड्यांवर फिरवायची. सुरुवात दात घासायला म्हणून होते. मग दिवसातून सहा-सहा वेळा दात घाण व्हायला लागतात!

साठ साल उलटून गेलं होतं. मी सोळाची, लग्न होऊन कुसगावात आलेली. दर बुधवारी बाई लोणावळ्याहून चालत यायच्या. पांढरं पातळ, खांद्याला पिशवी, पिशवीत मशेरीऐवजी दात घासायला कोळशाच्या राखुंडीच्या पुड्या. देवळाच्या ओट्यावर आम्हा लेकीसुनांना बसवायच्या.

"म्हाताऱ्यांना सुधारायला मी आले नाही," म्हणायच्या. "तुमचे दात अजून तुमचे आहेत."

आधी त्या बोट नुसतं बघायच्या. पण राखुंडीनंही बोट काळंच होतं की! आम्ही बिनधास्त सांगायचो, "राखुंडी लावली, बाई." तेव्हापासून त्यांनी नाक कामाला लावलं.

त्यावरही माझ्या नणंदेनं तोड काढली. चौदाची होती, पण डोकं असं चालायचं! "वैनी, बाई उजवंच हुंगत्यात. डावं हाय की!"

डावा हात कशाचा, ते मी सांगायला नको. ते बोट कुणी तोंडात घालेल हे बाईंच्या स्वप्नातसुद्धा येणार नव्हतं. तीन बुधवार आम्ही सगळ्याजणी शाबास. बाईंचा चेहरा असा फुलायचा की माझी मान खाली जायची. पण डबी सुटत नव्हती.

मला सातवा होता. आधीचं एक पोटातच गेलेलं. घरात त्याबद्दल कुणी बोलत नसे, पण मी उठले-बसले की सासूबाईंची नजर पोटावर यायची.

चौथ्या बुधवारी मी ओट्यावर गेलेच नाही. दोन दिवस हगवण लागली होती आणि सकाळपासून बाळ हललं नव्हतं. नणंद रडत जाऊन बाईंना घेऊन आली. बाईमाणसाची नाडी त्या जुन्या रीतीनं डाव्या हाताची बघायच्या. त्यांनी माझा हात धरला आणि थांबल्या. बोट नाकाशी नेलं.

मी डोळे घट्ट मिटले. आता ऐकवतील.

त्यांनी माझं बोट सोडलं. माझ्या पोटावर हात ठेवून बसून राहिल्या. सासूबाईंची बांगडी वाजत नव्हती. नणंद दाराला चिकटून उभी. किती वेळ गेला कोण जाणे. मग आतून एक लाथ बसली. बाईंनी सोडलेला श्वास मला ऐकू आला.

मीठ घातलेली पेज त्यांनी चमच्या-चमच्यानं पाजली. मग म्हणाल्या, "चुकलं माझं. मी तुमच्या बोटांनाच शिकवत बसले. का लावतेस गं?"

"भूक मरती, बाई."

"जेवतेस कधी?"

मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "समद्यांचं झाल्याव. आमी बी तशाच जेवलो."

"मावशी, तुम्ही दिवसातून किती वेळा लावता?"

"मोजून कोन लावतंय!"

"म्हणजे तुम्हालाही लय भूक लागत असणार," बाई हळूच म्हणाल्या.

सासूबाईंनी चुलीकडे तोंड फिरवलं. बाई गेल्या तरी त्या तशाच बसून होत्या.

पुढच्या बुधवारी बाई भर दुपारी थेट घरी आल्या आणि उंबऱ्याशी बसल्या. "हिचं जेवण झालं की उठते."

"ऱ्हावा बसून," सासूबाई म्हणाल्या. माणसं अजून शेतातून यायची होती. टोपलीत भाकरी झाकलेली, आणि दोघींच्या मधे मी चोरासारखी. बाई हलेनात, सासूबाई टोपली उघडेनात. शेवटी सासूबाईंनी ताटलीत भाकरी आपटली. "खा बाई! न्हाईतर ही हितंच म्हातारी व्हायची."

दुसऱ्या दिवशी बाई नव्हत्या. तरी ताटली आली.

डबी काही एका दिवसात सुटली नाही. बाईंनी हुंगणं सोडलं होतं. "आज किती वेळा?" एवढंच विचारायच्या आणि आम्ही सांगू ते खरं धरायच्या. आता आली का पंचाईत! तीन वेळा लावून दोन सांगायला जीभ उचलायची नाही. तिनाचे दोन झाले, दोनाचा एक. माहेरी वलवणला बाळंतपणाला गेले तेव्हा डबी बरोबर नेलीच नाही.

मुलगी झाली. चांगली खणखणीत रडली. सव्वा महिन्यानं तिला घेऊन मी लोणावळ्यात बाईंच्या खोलीवर गेले. दाराला कुलूप.

"बदली झाली त्यांची," शेजारीण म्हणाली. "कुटं, ते न्हाई बाई ठावं."

आज आपणहून बाईंना बोट हुंगायला द्यायचं म्हणून सकाळी मी दोन्ही हात रिठ्यानं घासले होते. कुलपासमोर उभी राहून मी उजवं बोट नाकाशी नेलं. मग मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि डावं हुंगलं. त्याला दुधाचा वास येत होता.