ओट्यात न बसलेली लादी

माझ्या साडूभाऊंइतका फरशीवर जीव टाकणारा माणूस अख्ख्या कर्जत तालुक्यात झाला नाही, आणि होणारही नाही. चाळीस वर्षं लोकांच्या फरश्या आणि कडप्प्याचे ओटे बसवल्यामुळे कोणाच्याही घरी गेले की ते आधी जमिनीला भेटतात, माणसांना सवडीने. माझ्या पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तर मुलगी पोहे घेऊन बाहेर आली आणि हे गायब! सापडले स्वयंपाकघरात, मोबाईलची बॅटरी लावून ओट्याखाली उकिडवे बसलेले. "दगूड लई चांगला हाय, सोयरीक जमवा," असा निकाल त्यांनी तिथूनच दिला. मुलीच्या आईला हसावं की रागवावं कळेना. सोयरीक मात्र जमली.

असाच एका गिऱ्हाईकाचा ओटा करताना त्यांनी लादीवर पाणी मारलं आणि चिरलेल्या कोबीत दिसतात तशा गोल रेघा वर आल्या. सिंकचं भोक नेमकं तिथेच पाडायचं होतं. यांनी कटर बंद केला, गिऱ्हाईकाला पदरची दुसरी लादी दिली आणि ही घरी आणून भिंतीला टेकवली. "गुर्जी, दगडाची रेघ सरळ जाती. ही वाढल्यावानी दिसती. ह्ये कवातरी जित्तं हुतं," ते मला म्हणाले. मी विज्ञानाचा मास्तर, जीवसृष्टीचा धडा दरवर्षी शिकवणारा. "नुसत्या रेघा आहेत हो," म्हणून मोकळा झालो. माझ्या शब्दावर विसंबून गाव त्यांना हसलं. त्यांनी मात्र नगरच्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचा पिच्छा पुरवला.

शेवटी बाई आल्या. लादी ओली करून त्यांनी भिंग लावलं आणि एकेक रेघ न्याहाळली. मग म्हणाल्या, "शंभर कोटी वर्षांहून जुनं आहे हे. मासे नव्हते, झाडं नव्हती, तेव्हा उथळ समुद्रात सूक्ष्मजीवांनी थरावर थर रचले, त्याच्या या खुणा." माझी मान खाली गेली, पण छाती फुगली. हे माझे सख्खे साडू, असं मी जमलेल्या प्रत्येकाला सांगत सुटलो.

साडूभाऊंनी लादी कॉलेजला देऊन टाकली आणि स्वतःच्या हाताने तिथे बसवली. "पाटीवर तुमचं नाव घालू ना?" बाईंनी विचारलं. त्यांचं लक्षच नव्हतं. ते लादीवरून तळहात फिरवत होते.

"मॅडम, चाळीस वर्सं म्या ह्योच दगूड कापत आलो," ते हळूच म्हणाले. "आसलं किती गेलं आसंल हो माझ्या कटरखाली?"

मीही त्या लादीवर हात ठेवला. मी ज्याला नुसत्या रेघा म्हटलं होतं, त्यासाठी या माणसाने निदान एकदा तरी कटर थांबवला होता.